गोळी सुटण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर

(संस्थेच्या वार्षिक सभेत देणगीदार व रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपल्या हाती आहेच. आज आम्ही थोड्या वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. दूरचित्रवाणीवरील मालिकांत दिसणारे पिस्तूल आणि त्या दृश्यांमुळे घराघरांत रुजलेल्या समजुती, हा तो विषय होय. रुग्णालयाचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. मालिकेतील प्रसंग गोळी सुटली की संपतो. रुग्णालयाचे काम तेथून सुरू होते, हाच तो संबंध.

‘सीआयडी’ ही मालिका १९९८ पासून २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर आली. श्री. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. २०१८ मध्ये आलेल्या ‘मिर्झापूर’मध्ये तर गावठी कट्ट्यांचा धंदाच कथेच्या केंद्रस्थानी आहे. करमणूक म्हणून या मालिका पाहण्यास आमची हरकत नाही. गोळीवरून शस्त्राचा माग लागतो, हे ‘सीआयडी’मधील डॉ. साळुंखे यांनी घरोघरी पोहोचविले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु पडद्यावरून आलेल्या तीन समजुती जिवावर बेतू शकतात.

पहिली समजूत अशी, की ‘पोलीस केस’ असल्यास पोलीस आल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. हे चूक आहे. अपघातग्रस्त स्कूटरस्वारास जवळच्या रुग्णालयाने नाकारले, दूरच्या रुग्णालयाकडे पाठविले आणि वाटेतच त्याचा मृत्यू झाला, अशा वृत्तावरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की आधी प्राण वाचवावेत. कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. हे बंधन सरकारी व खाजगी अशा सर्व डॉक्टरांवर आहे. पोलिसांना कळविण्याचे काम रुग्णालय करते. नातेवाइकांनी त्यासाठी एक मिनिटही दवडू नये.

दुसरी समजूत अशी, की गोळी बाहेर काढली म्हणजे रुग्ण बरा झाला. पडद्यावर तापविलेल्या सुरीने गोळी निघते आणि पुढच्या प्रसंगात नायक चालू लागतो. प्रत्यक्षात पहिला धोका रक्तस्रावाचा असतो. गोळी काढणे अधिक जोखमीचे असेल, तर शल्यविशारद ती शरीरातच राहू देतात. घरच्यांनी जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, जखमेत काहीही घालू नये, तोंडाने काही देऊ नये आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. अंगावरचे कपडे धुऊ अथवा फेकू नयेत. तो पुरावा असतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. त्यामुळे एका गोळीचा हिशेबही मांडून पाहतो. शस्त्रक्रियागृह, रक्ताच्या पिशव्या, अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वसनयंत्र, वारंवार करावे लागणारे ड्रेसिंग, पुढे काही महिने फिजिओथेरपी. चाकण परिसरातील कंत्राटी कामगाराची बुडालेली मजुरी तर कोणत्याच बिलात येत नाही. धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णास अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावे लागते. ‘आधी पैसे भरा’ या दृश्याला येथे थारा नाही. निर्धन रुग्णांच्या निधीसाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम बाजूला ठेवली जाते. तो निधी अपुरा पडतो तेथे आपल्या देणग्या उपयोगी पडतात.

तिसरी समजूत सर्वांत खोल आहे. ती म्हणजे, घरात पिस्तूल असले की घर सुरक्षित आणि मालकाचा मान मोठा. २२ एप्रिल २००६ रोजी वरळी येथील राहत्या घरी श्री. प्रमोद महाजन यांच्यावर धाकट्या बंधूंनी गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचे होते. हिंदुजा रुग्णालयात डॉक्टरांनी शर्थ केली, तरीही ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली; सुदैवाने प्राण वाचले. दोन्ही ठिकाणी बाहेरून कोणी शत्रू आला नव्हता.

परवाना ही गोष्ट मालिकांत जवळजवळ दिसतच नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस सामान्यतः दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. वरातीत किंवा मिरवणुकीत हौसेने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बेकायदा शस्त्रांचा उगमही फार दूर नाही. जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत मध्य प्रदेशातील उमरटी येथील शस्त्रभट्ट्यांवर पुणे पोलिसांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये छापा घातला.

२०१६ च्या नियमांनुसार परवान्याच्या अर्जास शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. येथे आम्हास स्पष्ट बोलणे भाग आहे. या पट्ट्यात कारखाने आले, जमिनींना भाव आला आणि कमरेचे पिस्तूल हे काहींना प्रतिष्ठेचे लक्षण वाटू लागले. असा दाखला मागणाऱ्यांत उद्या आपले परिचितही असतील, संस्थेचे हितचिंतकही असतील. रीतसर तपासणी झाल्याखेरीज, निद्रानाश, व्यसन आणि मनःस्थिती यांची विचारपूस झाल्याखेरीज येथून दाखला मिळणार नाही. कोणाच्याही चिठ्ठीने मिळणार नाही. देणगीचा आकडा त्यात विचारात घेतला जाणार नाही. यामुळे कोणी नाराज झाले, तर ती नाराजी आम्ही आदरपूर्वक स्वीकारू.

अमेरिकेत युवाल्डी येथील शाळेत मे २०२२ मध्ये १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर जून महिन्यात तेथील दोनशेहून अधिक लेखक-निर्मात्यांनी एक जाहीर पत्र काढले. पात्रे शस्त्र कुलपात ठेवताना दाखवू, शस्त्राविना प्रसंग रंगविता येतो का ते पाहू, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडे पडद्यावर सिगारेट पेटली की खाली इशारा येतो. २०२३ पासून ओटीटी माध्यमांवरही तो बंधनकारक आहे. पिस्तुलाखाली अशी ओळ येत नाही. ती येईपर्यंत मुलांशेजारी बसून मालिका पाहणाऱ्या आई-वडिलांनीच ती बोलून दाखवावी. हातात पिस्तूल घेऊन रील काढणाऱ्या मुलाला घरातूनच वेळीच अडवावे.

गोळी लागलेल्या रुग्णासाठी आपल्या रुग्णालयाचे दार रात्री-अपरात्री उघडे राहील. तरीही त्या दाराशी कोणावर येण्याची वेळ येऊ नये, हीच आमची प्रार्थना.