मधली सुटी



वयाच्या 43व्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. 18 वर्षं एका कारखान्यात हिशेब लिहिले. पदवी होतीच, म्हणून ग्रंथालयशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतला. "या वयात अभ्यास झेपेल का?" असं सगळ्यांनी विचारलं. मला धास्ती होती ती मधल्या सुटीची.

मी मुखदुर्बळ. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंशी काय बोलावं, ते मला सुचत नाही. मग बाविशीतल्या मुलांत डबा कुठं उघडायचा? पहिले पंधरा दिवस जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून पोळीभाजी खाल्ली.

वाचा फुटली ती वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात. ड्यूईच्या दशांश पद्धतीचे जाडजूड खंड, चौघांत एक संच. कापसाच्या लागवडीवरच्या पुस्तकाला क्रमांक द्यायचा होता. शेजारची मुलगी 677 वर अडली होती. पण तिथं सूत-कापड येतं. मी खंड ओढून 633.51 वर बोट ठेवलं. "कसं काढलंत, ताई?" आणि मी बोलत सुटले: 630 म्हणजे शेती, 633 म्हणजे शेतातली पिकं, त्यात कापूस. समोर काम असलं की आमच्यासारख्यांना विषय शोधावा लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून माझा डबा तिच्या बाकावर. संगणकावरची सूची मी तिच्याकडूनच शिकले.

म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्याच दिवशी प्रौढ विद्यार्थ्याला उभं करून ओळख सांगायला लावू नका. त्याला कुणाच्या तरी शेजारी बसवून काम द्या.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे अध्वर्यू एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयातला एकटेपणा त्यांना सोसेना. परत शिकवायला जावं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. मग हे शास्त्र शिकायला ते लंडनला गेले आणि जन्मभर ग्रंथालयाचेच झाले. ते बोलताना अडखळत, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

आता मी गावच्या वाचनालयात काम करते. परवा एक मुलगा टेबलापाशी येई, काही न विचारता मागे फिरे. तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी उठले आणि त्याच्याबरोबर कपाटापाशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं, पुस्तकांकडेच बघत, तो म्हणाला, "विहिरीवरचं काही आहे का?"