अर्ध्या किमतीची टोपली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘संसारातील काटकसर’ ह्या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितले. विषय मोठा आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा सगळ्या काटकसरीवर बोलण्याचा आव मी आणीत नाही. मोठ्या दुकानात, म्हणजे ज्याला आपण सुपरमार्केट म्हणतो तिथे, मुदत जवळ आलेला खाण्याचा माल कमी किमतीत ठेवतात. तो घ्यावा की नाही, आणि घ्यायचा तर कसा, एवढेच मी बोलणार आहे.

बाजार उठता उठता स्वस्त घेणे ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. कॉटन मार्केटात पहाटे ठोक बाजार भरतो. ऊन चढू लागले की राहिलेल्या पालक-मेथीचा आणि सांबाराचा भाव आपोआप उतरतो, कारण विकणाऱ्याला ती परत न्यायची नसते. आमच्या सासूबाई नेमक्या त्या वेळेला जात. आठवडी बाजारात दिवे लागल्यावर टमाट्यांचे ढीग कसे स्वस्त होतात, हे तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्यात कोणाला लाज वाटली नाही. उलट ‘आज दहा रुपयांत ढीग आणला’ असे आपण जिन्यातूनच सांगत येतो.

मग तीच बाई सुपरमार्केटच्या कोपऱ्यातल्या टोपलीपाशी गेली की इकडेतिकडे का पाहते? मी स्वतः पाहिले आहे. आपल्याच मंडळाच्या दोघीजणी त्या टोपलीपाशी समोरासमोर आल्या, आणि दोघींनीही हातातले ब्रेडचे पाकीट खाली ठेवून साबणाची चौकशी सुरू केली. (नावे सांगत नाही. त्या हसताहेत, त्यावरून ओळखा.) इंग्लंडात अशा मालावर पिवळी चिठ्ठी लावतात आणि ती चिठ्ठी लागण्याची वेळ साधून लोक दुकानात जातात. जपानात संध्याकाळी तयार जेवणाच्या डब्यांवर अर्ध्या किमतीचा कागद चिकटवतात, आणि कचेरीतून परतणारे चांगले कपड्यातले लोक ते घेऊन घरी जातात. फ्रान्समध्ये २०१६ साली कायदाच झाला, की मोठ्या दुकानांनी न खपलेले चांगले अन्न नष्ट करू नये, गरजूंना पोचते करावे. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा एक अहवाल आहे. त्यात आपल्या देशात घरोघरी माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते असा अंदाज दिला आहे. तेव्हा चांगले अन्न वेळेवर उचलून आणणाऱ्या बाईने मान खाली घालण्याचे काही कारण मला तरी दिसत नाही.

आपल्याकडे ही मोठी दुकाने एकदम आलेली नाहीत. मुंबईला नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली अपना बाजार ही सहकारी संस्था निघाली, ती ग्राहकाला रास्त भावात माल मिळावा म्हणूनच. पुढे २००१ मध्ये बिग बाजार निघाला. त्याच्या बुधवारच्या स्वस्ताईसाठी आपणही पिशव्या घेऊन गेलो आहोत. २०२२ मध्ये ती दुकाने बंद झाली, पण स्वस्ताईचा वार पाहून खरेदी करण्याची सवय मागे राहिली. ही सवय चांगली आहे. मात्र वार पाहण्याआधी पाकिटावरची तारीख पाहावी, असे माझे म्हणणे आहे.

पाकिटावर दोन तऱ्हेच्या तारखा असू शकतात. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ म्हणजे त्या दिवसानंतर ती वस्तू खाऊ नये, आणि दुकानदाराने ती विकूही नये. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोपर्यंत तिची चव आणि कुरकुरीतपणा उत्तम राहील. त्यानंतर ती विषारी होते असे नव्हे, थोडी उतरते. २०२० च्या नियमांप्रमाणे पहिली तारीख छापणे बंधनकारक आहे, दुसरी जोडीला छापली तर छापावी. पुष्कळजणी दोन्ही एकच समजतात. त्यामुळे एक तर धडधाकट बिस्किटे फेकून देतात, नाही तर चार दिवस उलटलेले पनीर ‘वास तर येत नाही’ म्हणून रांधतात. दुसरी गोष्ट अधिक वाईट.

आणि छापलेली तारीख ही वस्तू नीट थंडीत ठेवली तर खरी असते. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दुकानातून दही-पनीर घेऊन बाई वाटेत दोन कामे करून तासाभराने घरी आली, तर पाकिटावर दोन दिवस उरले असले तरी खरे किती उरले ते सांगता येणार नाही. उन्हाळ्यात मी गारव्याच्या फळीवरचा कमी किमतीचा माल घेतच नाही. थंडीत खुशाल घेते.

ब्रेड, पाव, टोस्ट, शेवया, सॉस, फळांचा मुरंबा हे टोपलीत दिसले की मी हमखास पाहते. ब्रेड त्याच दिवशी उरला तर तव्यावर कडक करून चुरा करावा. तो कटलेटला लागतो आणि सांबारवडीच्या सारणातही थोडा खपतो. मऊ पडलेली सफरचंदे साखर घालून शिजवावीत, काळी पडू लागलेली केळी शिकरणाला किंवा कणकेत मळून गोड पुऱ्यांना उत्तम. खूप पिकलेले टमाटे घेतले तर त्याच संध्याकाळी शिजवून गाळून ठेवावे. रवा आणि बेसन मात्र जपून. पावसाळ्यात मुदत सरत आलेल्या रव्यात जाळी धरलेली असते. पाकीट उजेडात धरून पाहावे, आणि घरी आणल्या आणल्या भाजून डब्यात भरावा. बदाम, अक्रोड, शेंगदाण्याचे पदार्थ ह्यांना खवट वास फार लवकर येतो आणि तो फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून ते मी सोडून देते. तान्ह्या मुलाच्या दुधाची भुकटी, कितीही स्वस्त असो, तिकडे पाहूच नये.

‘एकावर एक मोफत’ ह्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. चार माणसांच्या घरात दोन किलो सॉस आठ दिवसांत कोण खाणार? समजा ऐंशी रुपयांची वस्तू चाळीसला मिळाली आणि तिच्यातली अर्धी फेकली, तर उरलेली अर्धी आपल्याला पूर्ण भावानेच पडली. शिवाय मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते असेही नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भावही छापायचा असतो. तो वाचावा. किंमत उतरवलेली असेल तर छापलेला भाव चालत नाही, मनात भागाकार करावा लागतो. तेवढा सातवीत शिकवतात.

दुकानाच्या फळीवर जुना माल पुढे आणि ताजा मागे लावतात. आपण हात घालून मागचा काढतो. आठवडाभर ठेवायचे असेल तर ते बरोबर. पण आजच रात्री कढी करायची असताना मागचे दही ओढून काढणाऱ्या बाईचे मला नवल वाटते. पुढचे दही मग परवा टोपलीत येते, नाही तर उकिरड्यावर जाते.

आता जरा गंभीर गोष्ट. आपल्या भागातल्या एका दुकानात मी लोण्याचे पाकीट उचलले. नव्या किमतीची चिठ्ठी नेमकी तारखेवर चिकटवली होती. काउंटरवरच्या मुलाला म्हटले, “बाबा, ही चिठ्ठी जरा उचल.” तो म्हणाला, “काकू, सगळेच नेतात, काही होत नाही.” मी रांगेतून हलले नाही. चिठ्ठी निघाली, तर मुदत संपून चार दिवस झालेले. मागच्या बायका कुरकुरत होत्या, त्यांनी ते पाहिले आणि आपापल्या पिशव्या तपासू लागल्या. व्यवस्थापकांना बोलवावे लागले आणि तो सगळा माल त्यांनी आत नेला. असे झाले तर पावती जपून ठेवावी, पाकिटाचे छायाचित्र घ्यावे आणि १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर सांगावे. अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार करता येते. स्वस्त घेतले म्हणून ग्राहकाचा हक्क अर्धा होत नाही.

ह्याच हिशेबात आणखी एक बोलते, कोणाला लागले तर क्षमा असावी. स्वस्त म्हणून चार पाकिटे आणायची, दोन खायची, आणि मुदत उलटलेली उरलेली दोन कामाला येणाऱ्या बाईच्या हातात ठेवून ‘मुलांना दे’ म्हणायचे, हे आपल्या घरांतून चालते. ती नाही म्हणू शकत नाही. पोर आजारी पडले तर औषधाचा खर्च आणि खाडा तिच्याच माथी, आणि आपण म्हणणार, बाई आली नाही. जे आपण आपल्या नातवाच्या ताटात वाढणार नाही, ते तिच्या मुलाला देऊ नये. द्यायचे तर मुदत असताना द्यावे, आणि तारीख वाचून दाखवून द्यावे.

चार पाकिटांचा खरा उपाय वाटून घेणे हा आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजाऱ्यांचे संघ करून एकत्र खरेदी करते आणि घरोघर वाटून देते. आपल्याला एवढे मोठे करण्याची गरज नाही. आमच्या गल्लीत आम्ही तिघी आहोत. जी दुकानात जाते ती टोपली पाहून बाकीच्या दोघींना फोन करते, आणि तिथेच ठरते की ब्रेड कोणाचा आणि चीज कोणाचे. पैसे त्याच दिवशी फेडायचे, उधारी ठेवायची नाही, हा एकच नियम. तीन घरांत काही टाकावे लागत नाही आणि वहीत मला महिन्याकाठी दोन-अडीचशे रुपये वाचलेले दिसतात. रक्कम मोठी नाही, पण घरच्या गॅसच्या सिलिंडरला हातभार लागतो.

ज्यांना अशी तिघी-चौघींची जोडणी करायची असेल, त्यांनी चहानंतर माझ्याकडे नावे द्यावीत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली दोन-तीन रिकामी पाकिटे आणावीत, आपण तारखा मिळून वाचू. चष्मा आणायला मात्र विसरू नये, ती अक्षरे फार बारीक असतात.