जामीन राहण्यापूर्वी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



नातलगाच्या कर्जास जामीन राहणे आपल्यात कर्तव्य मानले जाते. ही वृत्ती भूषणावह खरी. परंतु सहीबरोबर आपली पतही गुंतते. ऋणकोने हप्ते थकविले, तर तो डाग जामीनदाराच्या पत-अहवालावरही उमटतो आणि उद्या स्वतःच्या मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना आडवा येतो.

सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था २००५ च्या कायद्यान्वये आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवतात. त्यांवरून ३०० ते ९०० या दरम्यान पतगुणांक ठरतो. तो जितका अधिक, तितकी पत चांगली. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्याने गुणांक घटत नाही.

अहवालात न घेतलेले कर्ज किंवा फेडूनही चालू दिसणारे खाते आढळल्यास तत्काळ तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास, २०२४ पासून विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

मी शिक्षक. गुणपत्रिका वाचल्यावाचून सही करू नये, असे पालकांना सांगत आलो. तोच नियम येथे पाळावा. जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी ऋणकोचा अहवाल त्याच्याकडूनच मागून वाचावा. त्यात नात्याचा अवमान नाही. उलट नाते राखण्याचा तोच मार्ग आहे.