यंत्राची थरथर आणि क्लँप

पंचगंगेच्या कांठीं उंसाला पाणी पाजणारें डिझेल इंजिन श्रोत्यांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. पायाच्या बोल्टांनीं जखडलेलें तें धूड फारसें हलत नाहीं. पण त्याच्या अंगावरून गेलेली करंगळीहून बारीक पोलादी नळी कधीं कधीं अशी थरथरते कीं, एकीच्या दोन दिसाव्या. पाहणाराला त्यांत मौज वाटते. मग ऐन पाण्याच्या पाळीला, मध्यरात्रीं, तीच नळी तडकते; तेलाची चिळकांडी उडते, इंजिन बंद पडतें आणि सरी कोरडी राहते. तेल तापलेल्या धुराच्या नळावर पडलें तर आगीचें भय निराळेंच. कारण शोधूं जावें, तों पुष्कळदां असें आढळतें कीं, नळीला धरणारी एक लहानशी पट्टी मागच्या दुरुस्तीच्या वेळीं काढलेली होती आणि ती परत बसवावयाची राहून गेली.

या पट्टीला कारखान्यांत क्लँप म्हणतात. कोल्हापुरास ही वस्तु परकी नाहीं. शिवाजी उद्यमनगरांतील कारखान्यांनीं एके काळीं शेतकऱ्यांना ऑईल इंजिनें पुरविलीं. पुढें विहिरीविहिरीवर विजेच्या मोटारी आल्या, इंजिनांची मागणी ओसरली आणि येथील फौंड्र्या वाहनांच्या सुट्या भागांकडे वळल्या. धंदा बदलला, तरी थरथर कांहीं सुटली नाहीं. जेथें इंजिन तेथें ती आलीच.

इंजेक्टरकडे जाणाऱ्या या नळीवर काय बेततें तें पाहावें. मोटारीच्या चाकांत हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २ किलोग्रॅम असतो. या नळींतील तेलाचा दाब साध्या शेती-इंजिनांतही सुमारें २०० पर्यंत चढतो. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या चक्रामुळें हा दणका मिनिटाला ७५० वेळां बसतो. परंतु एवढा दाब सोसण्याइतकी नळी जाड केलेलीच असते. ती मोडते ती बहुधा हलण्यानें.

झोपाळ्याला त्याच्या लयींत हलके झोके दिले तरी तो उंच जातो. नळीलाही अशी स्वतःची लय असते. मिरजेची सतार ज्यांनीं हाताळली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, तार निम्म्यावर दाबली म्हणजे कंप दुप्पट होतात आणि स्वर वरच्या सप्तकांत जातो. नळी ताणलेली नसते; ती आपल्या ताठपणावर कंप पावते, म्हणून तिचा नियम याहून कडक आहे: लांबी निम्मी केली कीं कंप चौपट. बाहेरून ६ मिलिमीटर आणि आंतून २ मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी दोन्ही टोकांस घट्ट धरून मध्यें १ मीटर मोकळी सोडली, तर हिशेबानें ती सेकंदाला सुमारें २८ कंप घेते. इंजिनाचे फेरे सेकंदाला २५! दोघांची गांठ पडावयास कितीसा उशीर? मधोमध एक क्लँप घातला कीं नळीचे कंप शंभराच्या वर जातात. इंजिनाच्या गतीच्या दुपटीतिपटीचे कंपही असतात खरे, पण मूळ हिसक्याच्या मानानें त्यांचा जोर बराच कमी असतो. तेव्हां क्लँपचें खरें काम नळीला आवळणें हें नव्हे, तिची लय बदलणें हें आहे. तो कोठें बसवावा, हा प्रश्न तो किती आवळावा याच्या आधींचा.

येथेंच कित्येक मिस्त्री चुकतात. उघडी लोखंडी पट्टी करकचून आवळली कीं तिची कड नळींत रुतते आणि नेमका तेथेंच तडा सुरू होतो. म्हणून पट्टीची कड वळवून आंत रबराचें अस्तर देतात. खेड्यांतला शेतकरी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर तार पिळतो. त्याची बुद्धि बरोबर आहे, फसतें तें रबर. साधें रबर डिझेलनें फुगून मऊ होतें. तेलाला टिकणारें नायट्राइल रबर मिळतें, तें वापरावें. दुसरी चूक म्हणजे नळीचें एक टोक इंजिनाला आणि दुसरें भिंतीवरच्या टाकीला जखडणें. इंजिन हलतें, भिंत हलत नाहीं. मधल्या नळीनें काय करावें? तेथें लवचिक रबरी नळीच हवी.

विजेच्या तारांची गोष्ट निराळी नाहीं. १९९९ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचें कोलंबिया यान उडाल्यावर पांचव्या सेकंदाला एका तारेंत शॉर्ट सर्किट झालें आणि तीनपैकीं दोन मुख्य इंजिनांचा एकेक नियंत्रक बंद पडला. प्रत्येक इंजिनाला दुसरा नियंत्रक होता, म्हणूनच यान वर पोंचलें. चौकशींत काय निघालें? एका स्क्रूच्या डोक्यावरील खरबरीत कडेला घासून तारेचें आवरण गेलें होतें. पुढें सर्वच यानांच्या तारा तपासाव्या लागल्या.

राहतां राहिला क्लँपचा नट. त्याखालीं स्प्रिंग वॉशर घातला कीं काम झालें, असें आपल्याकडे सर्रास मानतात. पण गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानें १९६९ सालीं प्रयोगानें दाखविलें कीं, बोल्टाला आडवे हिसके बसून जोड सरकूं लागला म्हणजे नट आपोआप उलटा फिरतो. असल्या सरकण्यापुढें स्प्रिंग वॉशरचा फारसा उपयोग होत नाहीं. नायलॉनचें कडें बसविलेला नट अधिक टिकतो.

क्लँप आंतून झिजूं लागला आहे, हें तो न उघडतांही कळतें. इंजिन बंद करून निवल्यावर पट्टीच्या कडेला बोट फिरवावें. बोटाला तांबूस, कुंकवासारखी बारीक पूड लागली तर ती पोलाद पोलादावर घासल्याची खूण होय. ॲल्युमिनियम घासत असेल तर ती पूड काळी असते. अशी पूड दिसली कीं क्लँप सोडावा, नळी पुसावी आणि उजेडांत धरून तिच्यावर चरा पडला आहे काय तें पाहावें. चरा नखाला लागत असेल तर नवें रबर घालून भागत नाहीं, नळीच बदलावी लागते.