ॲल्युमिनियमचे वजन : आराखड्यात आणि काट्यावर


पूर्वीच्या इंडाल, आताच्या हिंडाल्को कारखान्यामुळे बेळगाव-निपाणी भागास ॲल्युमिनियम परिचित आहे. खिडक्यांचे सेक्शन किलोच्या दराने विकले जात असल्याने वजनाचा अंदाज पारखणे अगत्याचे आहे. संगणकावरील आराखड्यात धातू म्हणून चुकून पोलाद नोंदले गेल्यास वजन सुमारे तिप्पट दिसते. पडताळा सोपा आहे. छेदाचे क्षेत्रफळ व लांबी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकारास २.७ ने गुणावे. उत्तर ग्रॅममध्ये येते. ४० मिलिमीटर चौकोनी, २ मिलिमीटर जाडीच्या पोकळ पाइपाचा छेद ३.०४ चौरस सेंटिमीटर. म्हणून १ मीटरचे वजन सुमारे ८२१ ग्रॅम. अधिकाऱ्यांनी मंजुरीपूर्वी, ग्रामस्थांनी माल स्वीकारताना आणि शिक्षकांनी वर्गात हा हिशेब अवश्य करावा. सार्वजनिक पैशाचे रक्षण त्यातच आहे.