वितळणारी भूमी आणि उत्तरेकडील पीट

उत्तर ध्रुवाभोवतीच्या विस्तीर्ण प्रदेशांत जमिनीचा एक थर असा आहे, की जो उन्हाळ्यातही गोठलेलाच राहतो. ज्या भूमीचे तापमान सलग दोन वा अधिक वर्षे शून्य अंश सेल्सियसच्या वर जात नाही, तिला शास्त्रज्ञ ‘पर्माफ्रॉस्ट’, म्हणजे कायम गोठलेली भूमी, असे म्हणतात. यातील ‘कायम’ हा शब्द आता शंकास्पद होऊ लागला आहे.

याच प्रदेशांत पीटच्या दलदली आहेत. पाणथळ जागी मृत वनस्पती पुरत्या कुजत नाहीत; त्यांचे थर हजारो वर्षे एकावर एक साचत जातात. हेच पीट होय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार उत्तरेकडील पीटभूमीचे क्षेत्र सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटर असून तीत सुमारे ४१५ अब्ज टन कार्बन साठलेला आहे. यांपैकी जवळजवळ निम्मे क्षेत्र गोठलेले आहे.

पीटमधील बर्फ फुगल्याने जमीन उंचावते व तिचा पृष्ठभाग कोरडा राहतो. हा बर्फ वितळला की जमीन खचते, खळग्यांत पाणी साचते आणि त्यावरील स्प्रूस वृक्ष कलून मरतात. कोरड्या पीटचे विघटन होताना कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. पाण्याखाली, प्राणवायूच्या अभावी, सूक्ष्मजीव मिथेन निर्माण करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. स्वीडनमधील आबिस्कोजवळच्या स्टोर्डालेन दलदलीत हे स्थित्यंतर अनेक दशके अभ्यासिले गेले आहे. तेथे उंचवटे खचून ओली दलदल वाढली आणि तीबरोबर मिथेनही वाढला.

मग ही हानी एकतर्फीच आहे काय? तसे नाही. ओल्या खळग्यांत स्फॅग्नमसारख्या वनस्पती पुन्हा वाढतात व हवेतील कार्बन शोषून नवे पीट घडवितात. परंतु ही भरपाई शतकांच्या गतीने होते. मिथेनचा परिणाम मात्र तत्काळ जाणवतो.

हा एखादा आकस्मिक स्फोट नव्हे. ती संथ गळती आहे. कोळसा व खनिज तेल जाळून मानव जे वायू सोडतो, त्यांचे प्रमाण आजही याहून फार मोठे आहे. पण ते कमी करणे माणसाच्या हाती आहे. एकदा वितळलेली भूमी पुन्हा गोठविणे मात्र कोणत्याही शासनाच्या हाती नाही.