आधी माणूस, मग दुकान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी पूर आणि आग यांच्या गोष्टी कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात त्यांचा दोष नाही. पण आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरची दुकाने बर्डीत, महालात, इतवारीत आहेत. कोणी शिवणाचे वर्ग चालविते, कोणी खानावळ. कोणाची मुलगी किंवा सून दुसऱ्याच्या दुकानात कामाला जाते. तेव्हा भरलेला बाजार घटकाभरात रिकामा करण्याची वेळ आली तर काय करावे, हा प्रश्न जितका व्यापाऱ्यांचा तितकाच आपलाही आहे.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि आपण जिला एरवी नाला म्हणून हिणवितो त्या नागनदीने आपण नदी असल्याचे दाखवून दिले. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट या वस्त्यांतून घराघरांत पाणी शिरले, मोरभवनच्या बसस्थानकात गाड्या बुडाल्या, लष्कराला बोलवावे लागले आणि काही जणांचे प्राणही गेले. मात्र एक गोष्ट त्या दिवशी आपल्या बाजूची होती. पाणी चढले तेव्हा बाजार बंद होता. आदल्याच दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते. हेच पाणी दोन-तीन दिवस आधी, संध्याकाळी सातच्या सुमारास, सणाची खरेदी चाललेली असताना बर्डीच्या मेन रोडवर आले असते, तर कडेवर मूल आणि हातात पिशव्या घेतलेल्या बायकांनी कोणत्या गल्लीतून कुठे जायचे होते?

पुण्याचा अनुभव याहून जुना आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या पाण्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण थोपवून धरले, म्हणून संकट आले ते दिवसाउजेडी. त्या काही तासांनी असंख्य जीव वाचविले. पण संकट थोपवून मिळालेला वेळ आपल्या कामी केव्हा येतो? काय करायचे ते आधी ठरलेले असेल तेव्हाच. ज्याचे ठरलेले नसते तो तो वेळ गल्ल्यातली नाणी मोजण्यात घालवितो.

आता मला जे मुख्य सांगायचे आहे ते सांगते. दुकानात कामाला असलेली मुलगी संकटाच्या वेळी बाहेर का पडत नाही? तिला भय कळत नाही म्हणून नव्हे. शेठजी जेवायला गेले आहेत, माल उघडा आहे, उद्या काही कमी भरले तर बोल आपल्यावर येईल, म्हणून ती थांबते. तेव्हा प्रत्येक दुकानदाराने आपल्या माणसांना आजच, शांतपणी, सर्वांसमक्ष सांगून ठेवावे की धूर दिसला, पाणी चढू लागले किंवा पोलिसांनी जागा सोडण्यास सांगितले, तर कोणाची वाट न पाहता गिऱ्हाइकांना घेऊन बाहेर पडा. मालाचा जाब तुम्हाला कोणी विचारणार नाही. या एका वाक्याला पैसा लागत नाही, पण ते आधीच बोललेले असावे लागते.

बाकीची तयारी साधी आहे. मागच्या दारापाशी खोकी रचू नयेत आणि त्याची किल्ली दाराजवळच टांगावी. दुकान चालू असताना पुढचे शटर अर्धे ओढून ठेवू नये. कामावरच्या सर्वांची नावे लिहिलेला कागद एकाजवळ असावा, आणि उंचावरची, बंबाच्या वाटेत न येणारी एक जागा ठरवून तिथे सर्वांनी जमावे व डोकी मोजावीत. मेन स्विच आणि गॅसचा कॉक बंद करण्याचे काम कोणाचे, हेही ठरलेले असावे; मात्र पाणी आत आले असेल तर विजेच्या फळीजवळ जाऊ नये. तळघरातली गाडी काढायला कोणीही उतरू नये. परवाने, हिशेब आणि विम्याचे कागद यांच्या नकला घरी ठेवाव्या, म्हणजे त्यांच्यासाठी माघारी धावावे लागत नाही. विम्यात पुराचा समावेश आहे की नाही, तेही या निमित्ताने वाचून घ्यावे.

२००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांच्या मालकांनी आगीची साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावयाचे असते. ते अवश्य द्यावे. पण कागदामुळे माणसे बाहेर पडायला शिकत नाहीत. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीपूर्वी एकदा, शेजारच्या पाचदहा दुकानांनी मिळून अर्धा तास खरोखरच बाहेर पडून पाहावे. फुटपाथवरचा फेरीवाला, दारातला रिक्षावाला यांनाही त्यात घ्यावे, कारण गर्दीच्या वेळी वाट अडते ती तिथेच. मदतीसाठी ११२ हा क्रमांक लहान मुलांच्याही तोंडी असावा.

२०२३ च्या पुरानंतर शासनाने दुकानांना ५०,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. ती रक्कम थोडी की फार, यावर वाद होऊ शकेल. भिजलेले कापड, फुगलेले धान्य यांची भरपाई थोडीफार तरी होते. माणसाची होत नाही.

म्हणून आपण प्रत्येकीने आज रात्री जेवणाच्या वेळी घरात एवढेच विचारावे : “आपल्या दुकानातून बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, आणि ती कामावरच्या पोरीला ठाऊक आहे का?” उत्तर आले नाही, तर उद्या सकाळी दुकान उघडताना पहिले काम तेच व्हावे.